मुलांना दटावून झाले. कंपन्यांना कोण दटावणार?

समाजबांधवांनो, मार्च २०१९ आठवतो का? त्या महिन्यात आपल्या सुरत शहरात पबजी नावाच्या मोबाईलवरील खेळावर बंदीचा हुकूम निघाला. राजकोटलाही निघाला. दंगलीच्या वेळी जमावबंदीसाठी जे कलम १४४ लावले जायचे, तेच एका खेळासाठी लावले गेले. त्याआधी जानेवारीत राज्याच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांना परिपत्रक धाडून मुलांना या खेळापासून दूर ठेवा असे कळवले होते. राजकोटच्या पोलिसांनी तर हुकूम मोडून खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना पकडून त्यांच्यावर गुन्हे नोंदवले. पुष्कळ घरांत या कारवाईचे स्वागत झाले. आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आजोबा म्हणाले, बरी अद्दल घडली.

पण या सगळ्यात गुन्हेगार कोण ठरला? खेळणारा मुलगा. ज्यांनी तो खेळ बनवला, तो सुटता सुटू नये अशी त्याची रचना केली आणि त्यातून पैसा कमावला, त्यांना ना नोटीस, ना दंड. दुकान चालू आणि गिऱ्हाईक कोठडीत, असा तो न्याय होता.

पुढचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ ॲप बंद केली. ही बंदी देशाच्या सार्वभौमत्वासाठी आणि सुरक्षेसाठी होती. सीमेवर चीनशी तणाव होता, त्यामुळे निर्णयाबद्दल आमची तक्रार नाही. मात्र मुलांच्या भल्यासाठी म्हणून तो घेतलेला नव्हता, आणि म्हणूनच मुलांच्या हातात त्याने काहीच फरक पडला नाही. टिकटॉक गेले त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. पबजी जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' असे नवे नाव घेऊन परतला. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकाच्या मोबाईलवर ओटीपी, अशी व्यवस्था कंपनीने स्वतःच जाहीर केली. आता हा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? मुलगा ज्या फोनवर खेळतो, बहुतेक घरांत तोच फोन पालकाचा असतो. चोराच्याच हाती किल्ली देऊन कुलूप लावल्याचे समाधान मानायचे, तसा हा प्रकार.

आमचे म्हणणे असे की, गेली सात-आठ वर्षे आपण या प्रश्नाकडे उलट्या टोकाने पाहत आलो आहोत. मुलाला व्यसन लागले, मुलगा बिघडला, आईने लाडावले, बापाला वेळ नाही. सगळी चर्चा घराच्या उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्या बसल्या आहेत. मूल पडद्यासमोर दहा मिनिटे जास्त कसे बसेल, याचा हिशेब करण्यासाठी त्यांनी हुशार माणसे पगारावर ठेवली आहेत. तिकडे मात्र कोणाचे बोट जात नाही. आमच्या मते हा आधी कायद्याचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे, संस्काराचा नंतर.

ज्यांना यात अतिशयोक्ती वाटते त्यांच्यासाठी ही रचना कशी चालते ते सांगतो. रिंग रोडच्या कापड बाजारात आपण सगळेच जातो. गादीवर बसवायचे, चहा मागवायचा, एकामागून एक साड्या उलगडत जायच्या आणि गिऱ्हाईक उठायला लागले की 'बेन, हे एकच बघा' म्हणून आणखी एक थान काढायचे, ही आपल्या सुरतेच्या सेल्समनची कला. त्यात वाईट काही नाही. पण तो सेल्समन संध्याकाळी दुकान बंद करतो, समोर बसलेली बाई प्रौढ असते आणि साड्या संपतात. मोबाईलच्या पडद्यावर साड्या कधीच संपत नाहीत. पूर्वी संगणकावर पान संपले की 'पुढचे पान' म्हणून बटण दाबावे लागत असे, आणि तेवढ्या क्षणात माणूस भानावर येई. सन २००६ च्या सुमारास एझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने न संपणारे पान तयार केले. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. एक व्हिडिओ संपण्याआधी दुसरा आपोआप सुरू होतो तो याच विचारातून. मैत्रिणीला रोज निरोप पाठवला नाही तर इतक्या दिवसांची 'स्ट्रीक' तुटेल, ही भीतीही मुद्दाम रचलेली आहे. चौदा वर्षांची मुलगी तापात उठून फोन मागते तेव्हा ती हट्टी नसते. तिच्या मैत्रीलाच ओलीस धरलेले असते.

खेळांमधली पेटी हा याच्याही पुढचा प्रकार. पैसे भरायचे, बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. आपल्या खानदेशातून आलेल्या मंडळींना आकड्याचा नाद म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. आकडा लावणाऱ्याला निदान आपण जुगार खेळतो हे ठाऊक असे. इथे दहा वर्षांच्या मुलाला वाटते की तो बंदुकीचा रंग विकत घेतो आहे.

ही रचना काम करते ती माहितीच्या जोरावर. मूल कोणत्या चित्रावर किती सेकंद थांबले, रात्री किती वाजता जागे होते, कशाने चिडले, कशाने पुन्हा आले, हे सगळे नोंदले जाते आणि त्यावरून पुढचे चित्र ठरते. जाहिरातही त्यावरूनच ठरते. कापड बाजारातला सेल्समन घरी येऊन आपल्या मुलीच्या उशाशी वही घेऊन बसला तर आपण त्याला काय करू? फोनमधला बसतो आणि आपण त्याला महिन्याच्या महिन्याला रिचार्ज करून देतो.

आता एक गोष्ट जुन्या मंडळींना थोडी झोंबेल, पण सांगितली पाहिजे. आपल्या बैठकांतून असा सूर निघतो की, ही कटकट लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्याकडची. आई-बाप बारा-बारा तास यंत्रावर, पोरे रस्त्यावर, हातात हप्त्यावर घेतलेला मोबाईल. आपल्या घरांत असे नाही, आपली मुले इंग्रजी शाळेत जातात, घरात वाय-फाय आहे, टॅब अभ्यासासाठी आहे. बांधवांनो, ज्याच्याकडे पैसा जास्त त्याच्यावर डोळा जास्त, हा बाजाराचा नियम आपल्याला नवीन नाही. सन २०२० साली टाळेबंदीत सहा वर्षांच्या मुलांना संगणकाची भाषा शिकवण्याच्या जाहिराती कोणाच्या घरांत दिसत होत्या? 'वुल्फ गुप्ता' नावाच्या एका मुलाला गूगलमध्ये कोट्यवधींची नोकरी लागली, असे व्हाइटहॅट ज्युनियरच्या जाहिराती सांगत होत्या. कधी त्याचे वय तेरा, कधी बारा, कधी त्याहूनही कमी, आणि पगारही जाहिरातीगणिक वेगळा. असा मुलगाच अस्तित्वात नव्हता. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, ऑक्टोबर २०२० मध्ये त्या कंपनीला पाच जाहिराती मागे घ्यायला लावल्या. तोवर किती आयांनी शेजारणीच्या मुलाशी तुलना करून फी भरली असेल, देव जाणे.

ती कंपनी ज्यांनी विकत घेतली होती त्या बायजूजच्या प्रमुखांना डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने समन्स काढले. मुलांचे आणि पालकांचे फोन नंबर विकत घेऊन कंपनी त्यांचा पाठपुरावा करते, मूल मागे पडेल अशी भीती घालते, असा आरोप आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे केला. कंपनीने तो नाकारला. पुढे ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली हा भाग वेगळा. आमच्या मनात राहिलेला प्रश्न असा की, कंपनी बुडते तेव्हा बाके आणि संगणक लिलावात जातात, पण मुलांच्या नावांचे, नंबरांचे, गुणांचे काय होते? दहावीचा निकाल लागला की उधना-मगदल्ला रस्त्यावर टक्केवारीसह मुलांचे फोटो झळकतात आणि घरोघर क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. हे नंबर त्यांना दिले कोणी, हे विचारण्याची आपल्याला सवयच राहिलेली नाही.

सरकारचे हातही या बाबतीत स्वच्छ आहेत असे म्हणता येणार नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांत टाळेबंदीच्या काळात वापरल्या गेलेल्या शिक्षणाच्या १६४ ॲप व संकेतस्थळांची तपासणी केली. त्यांपैकी १४६ मुलांच्या हक्कांना धोका पोहोचवणारी आढळली. त्यांत आपल्या केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे ॲप होते. मुलांचे ठिकाण नोंदण्याची सोय त्यात आढळली. जानेवारी २०२३ मध्ये तर याच ॲपमधील सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची आणि १० लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती इंटरनेटवर उघडी पडून राहिल्याचे उजेडात आले. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात राज्यातल्या शाळांची रोजची हजेरी आणि गुणांच्या मिळून वर्षाला ५०० कोटींहून अधिक नोंदी जमतात, असे सरकार अभिमानाने सांगते. शाळा सोडणाऱ्या मुलांचा शोध घेणे हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण त्या नोंदी किती वर्षे राहणार आणि मूल मोठे झाल्यावर त्या पुसणार का, हेही त्याच अभिमानाने सांगायला हवे.

आता कायद्याकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अंमलात यायच्या आहेत. या कायद्याचे कलम ९ प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आहे. अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे मूल. मुलाची माहिती घेण्याआधी पालकाची खात्रीलायक संमती हवी. आणि तिसऱ्या पोटकलमात सरळ मनाई आहे की, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात संरक्षणाचे वय फक्त तेरापर्यंत आहे. त्या मानाने आपला कायदा कागदावर कडक आहे, आणि हे श्रेय सरकारला आम्ही मोकळेपणाने देतो.

आमची शंका संमतीबद्दल आहे. संमतीची पद्धत अशी आखली आहे की, मुलाने आधी 'मी मूल आहे' असे सांगायचे, मग पालकाची ओळख तपासायची. आपल्याकडे एक फोन चौघे वापरतात. आईच्या फोनवर, आईच्या नावाच्या खात्यात नऊ वर्षांचा मुलगा कार्टून पाहतो. कंपनीच्या लेखी तो पस्तीस वर्षांची स्त्री आहे. पस्तीस वर्षांच्या स्त्रीवर पाळत ठेवायला कायद्याची मनाई नाही. म्हणजे ज्याच्या हातात स्वतंत्र फोन आहे ते श्रीमंताचे मूल निदान कायद्याच्या छत्रीखाली येईल, आणि यंत्रमागावरच्या मजुराचे मूल बाहेर भिजत राहील. दिवसभर कार्टून, रंग भरण्याचे खेळ आणि बालगीते पाहणारी 'पस्तीस वर्षांची स्त्री' प्रत्यक्षात कोण आहे हे कंपनीला कळत नाही, यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. जाहिरात विकायची असते तेव्हा त्यांना बरोबर कळते! म्हणून आमची मागणी अशी की, समोर मूल असण्याची चिन्हे दिसत असतील तर ते मूलच आहे असे धरून वागण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी.

दुसरी पळवाट कलम ९ च्या पाचव्या पोटकलमात आहे. एखादी कंपनी मुलांची माहिती सुरक्षितपणे हाताळते अशी सरकारची खात्री पटली, तर तिला वयाची अट खाली आणून सवलत देता येते. ही खात्री कशी पटवली जाईल, दिल्लीत कोणाच्या कचेरीत पटवली जाईल, हे आपण राजकारणात मुरलेली माणसे सांगू शकतो. शाळांनाही शिक्षणाच्या कामापुरती नियमांतून सूट आहे. शाळेला हजेरी घ्यावीच लागणार, त्यामुळे ती सूट आम्हाला मान्य आहे. पण शाळेच्या आडून शिकवणीचे ॲप विकणाऱ्याने तीच सूट मागितली तर ती देता कामा नये.

इथे एक वेगळे मतही नोंदवतो, आमच्यातल्या सर्वांना ते पटलेले नाही. सतरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक संकेतस्थळासाठी बापाची परवानगी लागावी का? तिला पाळीविषयी, मनाच्या आजाराविषयी, घरातल्या मारहाणीविषयी माहिती हवी असेल तर? आमच्या मते पाळत ठेवण्याची आणि हेरून जाहिराती दाखवण्याची मनाई अठरापर्यंत ठाम राहावी. संमतीची अट मात्र वाढत्या वयाबरोबर सैल करण्याचा विचार व्हावा. मुलीला कंपनीपासून वाचवताना तिला घरात कोंडण्याचे नवे साधन आपण तयार करू नये.

'हे सगळे कंपन्यांना जमणारच नाही, तंत्रज्ञान असेच असते', असे सांगणारे विद्वान आपल्याला भेटतात. त्यांच्यासाठी इंग्लंडचे उदाहरण आहे. तिथे मुलांसाठीच्या रचनेची संहिता सप्टेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि कंपन्यांना तयारीसाठी एक वर्ष दिले. ते वर्ष संपता संपता, ऑगस्ट २०२१ मध्ये, यूट्यूबने अठराखालील मुलांसाठी आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणे बंद ठेवले. टिकटॉकने तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना रात्री नऊनंतर आणि सोळा-सतराच्या मुलांना दहानंतर घंटी वाजवणारे संदेश पाठवणे थांबवले. म्हणजे बटण त्यांच्याकडे आधीपासून होते. कायद्याचा बडगा दिसल्यावर ते दाबायची बुद्धी झाली, एवढेच. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सने ५२ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याबद्दल साडेसत्तावीस कोटी, आणि बटणांची रचना फसवी ठेवून नकळत खरेदी करायला लावल्याबद्दल साडेचोवीस कोटी. खेळणाऱ्या एकाही पोराला तिथे कोणी पकडले नाही. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातेच उघडता येणार नाही असे केले, आणि तिथेही दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकाला नाही.

आपल्या देशातही दृष्टी बदलते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत झाला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. राजकोटच्या त्या मुलांना २०१९ मध्ये हा न्याय मिळाला नाही, पण सरकार शिकले हे मान्य करू.

समाजाने एकत्र येऊन काही करता येते का, याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून आठवण करून देत होते. या गावाचे आम्हाला फार कौतुक वाटते, कारण त्यांनी एकेका आईवर ओझे टाकले नाही. शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना आपल्या मुलाला रोखणे अवघड असते, ते सगळ्यांनी मिळून सोपे केले. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने त्याच वर्षी अठराखालील मुलांना मोबाईल न देण्याचा ठराव केला. हे आम्हाला तितकेसे पटले नाही, कारण पुन्हा सारा भार मुलावरच आला. आणि वडगावचे यश मान्य करूनही दीड तास संपल्यावर, साडेआठ वाजता, कंपनी त्याच जागी वाट पाहत उभी असते हे विसरून चालत नाही. शिवाय सुरतेसारख्या शहरात, जिथे निम्मा मोहल्ला रात्रपाळीला असतो, सात वाजता भोंगा कोणी वाजवायचा?

आपल्या समाजाला या लढाईचा एक जुना पाठ आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये सात-आठ वर्षांची मुले राबत होती तेव्हाही मालक म्हणत, आई-बापच पाठवतात, आमचा काय दोष? १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ च्या सुधारणेने वय नऊवर नेले आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर आणले. आज ते आकडे वाचून अंगावर काटा येतो, पण बंधन गिरणीवर घातले होते, मुलावर नाही, हे लक्षात घ्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन, सह्या गोळा करून अर्ज केले. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. आणि आपल्या शेजारचे नवसारी ज्या गायकवाडी राज्यात होते, त्या बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हाही 'घरच्या गोष्टीत राजाने पडू नये' असे म्हणणारे होतेच. ज्यांची आजी-पणजी त्या कायद्यामुळे शाळेत गेली, अशी घरे या पत्रकाच्या वाचकांत नक्की असतील.

तेव्हा मंडळाने काय करावे? आमच्या मते निवेदन द्यावे, पण 'मोबाईलचे दुष्परिणाम' या विषयावर निबंध नव्हे. आपल्या मतांवर लिंबायत, उधना, चोर्यासीत निवडणुकांचे निकाल फिरतात हे सर्व पक्ष जाणतात. मग त्या मतांचा उपयोग गणेशोत्सवाच्या मंडपाच्या परवानगीपुरताच का? खासदारांना विचारावे की, कलम ९ मधील मनाई मे २०२७ ला न लांबवता लागू होईल का, आणि वयाची अट खाली आणण्याची सवलत कोणाला देणार हे संसदेत जाहीर करणार का. खेळांतल्या नशिबाच्या पेट्या मुलांसाठी बंद कराव्यात, हेही मागावे. आमदारांना विचारावे की, विद्या समीक्षा केंद्रातील नोंदी मूल शाळेतून बाहेर पडल्यावर पुसल्या जातील का. आणि नगर प्राथमिक शिक्षण समितीला विचारावे की, गृहपाठ पाठवायला शिक्षक जी ॲप वापरतात, ती कोणी तपासली.

एक मागणी तर खास आपली आहे. नव्या कायद्याप्रमाणे, माहिती घेण्याआधी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या अनुसूचीत मराठी आहे. आपली महानगरपालिका मराठी माध्यमासह सात भाषांतून शाळा चालवते, तेव्हा मराठी शाळेतल्या मुलाच्या आईपुढे इंग्रजी कागद ठेवून 'इथे सही करा' म्हणण्याचे कारण उरत नाही. बारा आकडी 'अपार' क्रमांकाच्या संमतीपत्राची गोष्ट घ्या. हा क्रमांक ऐच्छिक असल्याचे केंद्र सरकार सांगते, पालक नकार देऊ शकतो आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. किती शाळांनी हे पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले? समजल्याशिवाय केलेली सही म्हणजे संमती नव्हे, मग ती शाळेत केलेली असो की पडद्यावर अंगठ्याने.

कायदा लागू होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या असून त्यांत तेरा प्रकार दिले आहेत. खोटी घाई लावणे, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणे, वर्गणी बंद करता येऊ नये अशी लपवाछपवी, नको म्हटल्यावर लाजवणे, सारखे छळत राहणे, हे सगळे त्यांत येते. आपल्या मुलाच्या हातून खेळात किंवा शिकवणीच्या ॲपमध्ये अशा रीतीने पैसे गेले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मुलाला मारू नका, आधी पडद्याचा फोटो काढून ठेवा. तक्रारीला तोच पुरावा लागतो. घरच्या एकाच फोनवर मुलांसाठी वेगळे खाते उघडता येते, तेही उघडा, म्हणजे निदान कंपनीला 'आम्हाला माहीत नव्हते' म्हणता येणार नाही.

निवेदनाचा मसुदा मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत करावा अशी आमची सूचना आहे, कारण शेजारच्या पटेल, रावल, मिस्त्री यांच्या घरीही हेच चालू आहे आणि त्यांच्या सह्या आल्या तर वजन वाढेल. ज्यांना शाळेकडून संमतीचे कागद मिळाले असतील त्यांनी त्यांची छायाप्रत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. मुलाचे नाव आणि जन्मतारीख मात्र पेनाने खोडून आणावी.